नामिबियात प्राणी बघायचे तर आधी पाणवठे धरा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहता. तुम्ही, पत्नी, ११ वर्षांची लेक आणि ६६ वर्षांचे बाबा असे चौघे जाणार. १७ सप्टेंबर २०२२ ला नामिबियाहून आठ चित्ते घेऊन आलेले विमान आपल्या ग्वाल्हेरला उतरले आणि तिथून हेलिकॉप्टरने चित्ते कुनोच्या जंगलात गेले. तेव्हापासून "ते जिथून आले तिथे आपण जाऊ या" हे तुमच्या लेकीने धरून ठेवले आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत दहा रात्री काढता येतील. एका सहल कंपनीने तेवढ्यात एटोशाचे राष्ट्रीय उद्यान, लाल वाळूच्या टेकड्या, स्केलेटन कोस्टचा समुद्रकिनारा आणि व्हिक्टोरिया धबधबा असे सगळे बसवून दिले आहे. गाडी स्वतः चालवावी असे तुमच्या मनात आहे. आणि शेवटी विचारले आहे की चित्ता नक्की दिसेल ना?

चित्त्याचे उत्तर पुढे देते. आधी तो कार्यक्रम. मी तो दोनदा वाचला. त्यात ठिकाणे भरपूर आहेत, पण प्राणी बघायला वेळच ठेवलेला नाही. नामिबिया म्हणजे सव्वाआठ लाख चौरस किलोमीटरचा देश, आपल्या मध्य प्रदेशाच्या अडीचपटीहून मोठा, आणि अख्ख्या देशात माणसे तीस लाखांच्या आसपास. दोन गावांमध्ये शंभर-दीडशे किलोमीटर काहीही नाही, ही तिथली साधी गोष्ट आहे. व्हिक्टोरिया धबधबा तर नामिबियात नाहीच, तो झांबिया आणि झिम्बाब्वेच्या सीमेवर आहे. एटोशाच्या पूर्व टोकापासून तिथवर रस्त्याने हजार किलोमीटरहून जास्त पडतात. कंपनीच्या कार्यक्रमाप्रमाणे गेलात तर तुमची लेक दहा दिवसांतला बहुतेक वेळ गाडीच्या मागच्या सीटवर झोपून काढेल.

हे मी ठामपणे सांगते, कारण ही चूक मी स्वतः केलेली आहे. मी चौदा वर्षे इथून माणसांना जंगलात घेऊन जाते. चंबळ, कुनो, शिवपुरी हे घरचे, आणि नामिबियाला पाचदा गेले आहे. पहिल्या खेपेला नऊ जण होते आणि मी नकाशावर बोट ठेवत गेले, हेही जवळच आहे, तेही जवळच आहे. सहाव्या दिवशी मुक्काम गाठायला अंधार झाला. समोरून एक कुडू, म्हणजे तिथला हरणासारखा प्राणी, रस्त्यावर आला, शिंगांसकट घोड्याएवढा. चालकाने गाडी सरळ ठेवून ब्रेक दाबला म्हणून आम्ही वाचलो. त्या रात्री मुक्कामाच्या जागी, खोल्यांपासून दोनशे पावलांवर पाणवठा होता. नऊपैकी एकही माणूस तिथे जाऊन बसला नाही. सगळे थकून झोपले होते. सकाळी शेजारच्या खोलीतल्या जोडप्याने सांगितले की रात्री तीन गेंडे येऊन गेले. त्या दिवसापासून मी कार्यक्रम गावांवरून आखणे सोडून दिले. आता मी आधी पाणवठे धरते आणि मग त्यांना जोडणारे रस्ते शोधते.

आपल्याकडच्या जंगलांची सवय नामिबियात आड येते. कान्हा-बांधवगडला जिप्सी मिळते, वेळ ठरलेली असते, गाइड सोबत असतो. सांबराचा कॉल आला, पंजाचा ठसा दिसला की गाडी पळते. तिथल्या जंगलात नाले, तळी, झरे जागोजागी, त्यामुळे वाघ कुठेही असू शकतो आणि त्याला शोधावे लागते. वाळवंटी मुलखात हिशेब उलटा असतो. पाऊस संपला की महिना-दोन महिन्यांत खड्ड्यांतले पाणी आटते आणि मग पाणी उरते ते मोजक्या ठिकाणी. हत्ती, झेब्रा, सिंह, सगळ्यांना तिथे यावेच लागते. म्हणून शोधायला कुणी जात नाही, जागा धरून बसतात. चंबळवर जानेवारीत तुम्ही घडियाल पाहिले असतील तर हे लगेच पटेल. थंडीत ऊन खायला ते कोणत्या वाळूवर येणार हे नावाड्याला ठाऊक असते. तो नाव तिथे नेऊन थांबवतो आणि वल्हे आत घेतो.

एटोशा हे या पद्धतीसाठी जगातले सगळ्यात सोपे ठिकाण आहे असे माझे मत. १९०७ मध्ये ते राखीव झाले. आज क्षेत्र २२ हजार चौरस किलोमीटरहून थोडे जास्त आहे. त्यातले सुमारे ४,८०० चौरस किलोमीटर म्हणजे नुसते खारट, पांढरे, सपाट मैदान. तिथले लोक त्याला पॅन म्हणतात. कधीकाळचे सरोवर ते. उन्हात त्याच्याकडे पाहिले की क्षितिज वितळल्यासारखे दिसते आणि मधोमध चालणारा शहामृग हवेत तरंगतो. या पॅनच्या दक्षिण काठाने नैसर्गिक झरे आहेत, काही ठिकाणी बोअरवेलचे पाणी सोडलेले आहे, आणि उद्यानाचे रस्ते याच पाणवठ्यांना जोडत जातात. साधी कार चालते. वेगमर्यादा ताशी ६० किलोमीटर. फाटक सूर्योदयाला उघडते, सूर्यास्ताला बंद होते. ठरवून दिलेल्या जागा सोडून गाडीतून उतरायचे नाही. यात कसलीही सवलत नाही आणि मागूही नका.

आता महिना. हे त्या वर्षीच्या पावसावर अवलंबून आहे, तरी एक चौकट सांगता येते. पाऊस मुख्यतः जानेवारी ते मार्च. मे महिन्यात गवत अजून उंच असते, आडबाजूच्या डबक्यांत पाणी राहिलेले असते, आणि प्राणी पांगलेले असतात. जुलैपासून पाणवठ्यांवर प्राण्यांची गर्दी व्हायला लागते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये एका पाणवठ्यावर शेकडो प्राणी दिसतात, पण ऑक्टोबरचा उकाडा चाळिशीला टेकतो. तुम्हाला सुट्टी मे-जूनचीच आहे. अशा वेळी मी मे पूर्ण सोडून देईन आणि शाळा उघडायच्या आधीचा जूनचा पंधरवडा घेईन. ऑक्टोबरइतकी दाटी मिळणार नाही. पण बाबांना या वयात दुपार बंद गाडीत बसून काढायची आहे, त्यांच्यासाठी जूनची कोरडी थंड हवा फार सोयीची. शिवाय तुम्ही घाई करणार नसाल तर जूनमध्येही एटोशा रिकाम्या हाती पाठवत नाही.

बसायचे कसे, हे कोणी सांगत नाही म्हणून जरा विस्ताराने लिहिते. पाणवठ्याशी गाडी नेली की सूर्य पाठीशी येईल अशी लावा, इंजिन बंद करा, आणि घड्याळात पाहून पाऊण तास काढा. पहिली दहा मिनिटे बहुतेक वेळा काहीच नसते. इतर गाड्या येतात, बघतात, निघून जातात. तुम्ही निघू नका. सकाळी आठ ते अकराच्या सुमाराला कळप येतात, झेब्रे आणि स्प्रिंगबॉक, ओरिक्स अशी तिथली हरणे. हत्ती ऊन चढल्यावर. गेंडा आणि सिंह बहुतेक अंधार पडल्यावर. लेकीला एक काम द्या. दुर्बिणीतून प्राण्यांकडे बघायच्या आधी त्यांची तोंडे कुठे वळली आहेत ते बघायचे. वीस झेब्रे एकाच दिशेला मान करून उभे असतील आणि पाण्यात एकही पाय नसेल, तर त्या दिशेच्या झुडपाखाली कोणीतरी आहे.

चुडोप नावाचा एक पाणवठा पूर्वेकडे, नामुतोनीजवळ आहे. तिथे एकदा मी एका जिराफाला पाणी पिताना पाहिले. पाहिले म्हणजे तासाचा मोठा भाग त्यातच गेला. तो काठापासून तीस पावलांवर उभा राहिला आणि नुसता बघत राहिला. मग चार पावले आला, थांबला. काठाशी आल्यावर पुढचे दोन पाय बाजूला सरकवायला सुरुवात केली, थोडे थोडे, चिखलात खुर रुतवत. मान खाली गेली, ओठ पाण्याला लागणार तेवढ्यात एक टिटवी ओरडून उडाली आणि तो झटक्यात उभा. पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या वेळी प्यायला. पाय फाकवून वाकलेला जिराफ पटकन पळू शकत नाही, आणि ते त्याला पक्के ठाऊक असते. माझ्याबरोबरच्या एका आजींनी तेव्हा श्वास धरून ठेवला होता. त्या सहलीत सिंह दोनदा दिसले, पण घरी आल्यावर आजी सगळ्यांना सांगायच्या ते जिराफाचेच.

आणि रात्र. एटोशात ओकाउकेयो, हलाली आणि नामुतोनी या तीन जुन्या मुक्कामांना स्वतःचे पाणवठे आहेत आणि रात्री त्यांच्यावर मंद दिवे असतात. मुक्कामाला कुंपण आहे, तुम्ही आतून बाकावर बसून बघता. यासाठी मी नेहमी उद्यानाच्या आतच राहायला सांगते. बाहेरची लॉज जास्त चकचकीत असतात, जेवणही चांगले असते, पण सूर्यास्ताला तुम्ही बाहेर आणि पाणवठा आत. ओकाउकेयोला दगडी कठड्यामागे बाक आहेत. काळा गेंडा बघायला याच्याइतकी भरवशाची जागा माझ्या माहितीत दुसरी नाही. एका रात्री दोन गेंडे पाण्यात उभे होते, पाणी इतके स्थिर की खाली उलटे आणखी दोन दिसत होते. मग हत्तींचा कळप आला, आवाज न करता. त्यांच्या अंगावर तिथली पांढरी माती वाळलेली असते, त्यामुळे अंधारातून आधी पांढुरके आकार दिसतात आणि मग कळते की ते हत्ती आहेत. गेंड्यांनी जागा दिली, पण मोठा गेंडा बाजूला जाऊन तसाच उभा राहिला. हत्ती गेले तेव्हा परत पाण्यात आला. हे सगळे दीड तास चालले. तिथे बोलायचे नाही, फ्लॅश मारायचा नाही. बाबांना शाल आणि पाठीला उशी द्या. ते तुमच्यापेक्षा जास्त वेळ बसतील असा माझा अनुभव आहे, वडीलधाऱ्यांना थांबण्याची सवय असते.

तर या सगळ्यावरून तुमच्या दहा रात्री मी अशा लावेन. पहिली रात्र राजधानी विंडहुकला, नुसती झोप काढायला. विमानतळ शहरापासून ४५ किलोमीटरवर आहे. इतक्या लांबच्या प्रवासानंतर त्याच दिवशी लांब गाडी हाकू नका. दुसरी रात्र उत्तरेला ओचिवारोंगोला, सुमारे २५० किलोमीटर. तिसऱ्या दिवशी त्सुमेबवरून एटोशाच्या पूर्व फाटकाने आत, सुमारे २९० किलोमीटर, आणि मग एटोशात सलग चार रात्री: नामुतोनी एक, हलाली एक, ओकाउकेयो दोन. पूर्वेकडून पश्चिमेकडे यायचे म्हणजे सगळ्यात चांगला पाणवठा शेवटी येतो आणि तोवर तुमचे डोळे तयार झालेले असतात. या मुक्कामांमधले अंतर सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटर आहे. तेवढ्याला अख्खा दिवस लावा. नंतर आउट्योमार्गे ओमारुरूला एक रात्र, केवळ अंतर तोडायला. मग समुद्रकाठी स्वाकोपमुंडला दोन रात्री, आणि शेवटची रात्र परत विंडहुकला, सुमारे ३६० किलोमीटर.

यात सोसुसव्लेईच्या लाल टेकड्या नाहीत हे तुमच्या लक्षात आले असेल. नामिबियाचे प्रत्येक छायाचित्र तिथलेच असते, तेव्हा हे कानाला खटकणार. मी विचार करून गाळल्या आहेत. तिथे जायला टेकड्यांच्या फाटकाशी, सेसरीमला, दोन रात्री लागतात. एका रात्रीत भागत नाही, कारण पहाटे उद्यानाच्या आत असणाऱ्यालाच उजाडायच्या आधी टेकड्यांकडे निघता येते. वाटेत लांबलचक कच्चे रस्ते आहेत. तिथे गेल्यावर खरा आनंद वाळू चढण्यात आहे, आणि बाबांच्या गुडघ्यांबद्दल तुम्ही लिहिले आहे. त्या दोन रात्री एटोशातून काढल्या तर तुमच्या सहलीचा कणाच मोडतो. दहाच्या बारा रात्री करता आल्या तर मात्र जरूर जोडा. शेवटचे पाच किलोमीटर खोल वाळू आहे, तिथे स्वतःची गाडी न घालता वाहनतळावरून सुटणाऱ्या उद्यानाच्या गाडीने जा. तिथल्याच डेडव्लेईतली काळी वाळलेली झाडे शेकडो वर्षे तशीच उभी आहेत, हवा इतकी कोरडी की ती कुजतसुद्धा नाहीत.

माझ्या मार्गाचा दुसरा फायदा गाडी चालवण्याचा आहे. विंडहुक ते एटोशा आणि तिथून स्वाकोपमुंड, परत विंडहुक, हा जवळजवळ सगळा डांबरी रस्ता आहे. कच्चा रस्ता लागतो तो एटोशाच्या आत, जिथे वेग मुळातच कमी, आणि ओचिवारोंगोजवळ थोडासा. वाहने तिथेही डावीकडूनच चालतात, स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे तुम्हाला पहिल्या दिवशी गोंधळायला होणार नाही. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्या. फोर बाय फोरची गरज नाही, जमिनीपासून उंच असलेली साधी एसयूव्ही पुरते. तो पैसा वाचवा आणि विम्यावर घाला. करारात टायर, काच आणि गाडीचा खालचा भाग यांचा विमा आहे का, हे ओळ न ओळ वाचा. बहुतेक करारांत सूर्यास्तानंतर शहराबाहेर चालवलेल्या गाडीला संरक्षण नसते.

खडीच्या रस्त्याबद्दल मात्र, पुढेमागे सेसरीमला जाल म्हणून, एवढे ऐकून ठेवा. तो वरून गुळगुळीत दिसतो. ताशी ऐंशीवर गाडी जणू तरंगते आणि चालवणाऱ्याला वाटते की जमले. मग वळणावर सैल खडीचा थर येतो किंवा रस्त्यावर पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या वळ्या येतात आणि मागची चाके सरकायला लागतात. तिथले बरेच अपघात समोरासमोर धडकून होत नाहीत, एकटी गाडी उलटून होतात, कारण माणूस घाबरून स्टिअरिंग झटकतो. प्राणी आडवा आला तरी गाडी सरळ ठेवून वेग कमी करायचा. समोरून गाडी आली की डावीकडे घेऊन हळू व्हायचे, नाही तर काच गेलीच. स्टेपनी दोन मागा, आणि ताब्यात घेतानाच एक चाक स्वतः बदलून पाहा. जॅक कुठे आहे हे वाळवंटात शोधायची वेळ येऊ नये. पंप दिसला की टाकी भरा, निम्मी भरलेली असली तरी. गाडीत माणशी पाच लिटर पाणी कायम ठेवा.

आता चित्ता. एटोशात चित्ते आहेत, पण मोजके, आणि माझ्या पाच खेपांत तिथे तो एकदाच दिसला, तोही लांब. याला कारण आहे. उद्यानात सिंह आणि तरस आहेत. चित्ता हलक्या अंगाचा, भांडणे त्याला परवडत नाहीत. शिकार केली तरी ती हिसकावली जाते, पिल्ले मारली जातात. म्हणून नामिबियातले बहुसंख्य चित्ते उद्यानांबाहेर, खासगी गुराढोरांच्या फार्मवर राहतात, जिथे सिंह-तरस फारसे उरलेले नाहीत. पण तिथे त्यांची गाठ बंदूकवाल्या शेतकऱ्याशी पडते. ओचिवारोंगोजवळ चित्ता संवर्धन निधीचे केंद्र आहे. प्राणिशास्त्रज्ञ लॉरी मार्कर यांनी हा निधी १९९० मध्ये, नामिबिया स्वतंत्र झाला त्याच वर्षी, सुरू केला. शेतकऱ्याने चित्ता मारू नये म्हणून त्यांनी शेतकऱ्यांना मोठ्या जातीची राखणदार कुत्री द्यायला सुरुवात केली. पिल्लू लहानपणापासून शेळ्या-मेंढ्यांतच वाढते, कळपाला आपले मानते आणि चित्ता जवळ आला की अंगावर भुंकते. चित्ता भांडत नाही, निघून जातो. गुरे वाचतात आणि चित्ताही. आपल्या ग्वाल्हेरला आलेल्या आठ चित्त्यांच्या स्थलांतरात या केंद्राचा मोठा वाटा होता.

तुमची दुसरी रात्र ओचिवारोंगोला ठेवली ती यासाठी. केंद्रात जखमी किंवा पोरके झालेले, पुन्हा जंगलात सोडता न येणारे चित्ते मोठ्या आवारात आहेत. तिथे तुमच्या लेकीला चित्ता नक्की दिसेल, जवळून, डोळ्यांखालच्या काळ्या रेघांसकट. तो मोकळा चित्ता नव्हे हे तिला आधी सांगा. ११ वर्षांच्या मुलीला हे छान समजते, आणि त्या राखणदार कुत्र्यांची गोष्ट तर ती शाळेत जाऊन सांगेल. आपल्याकडे १९५२ मध्ये चित्ता नामशेष झाल्याचे जाहीर झाले होते. कुनोच्या आजूबाजूच्या गावांतही शेळ्या आहेत, गुरे आहेत. तिथे काय करावे लागेल याचा विचार ती तिथूनच घेऊन आली तर मला फार बरे वाटेल. मोकळा चित्ता एटोशात भेटला तर तो वरचा प्रसाद समजा. त्याच्यामागे गाडी पळवत बसलात तर पाणवठेही जातील आणि चित्ताही.

स्वाकोपमुंडच्या दोन रात्री काहींना सुट्टीतली सुट्टी वाटतात. माझ्या दृष्टीने वाळवंट खरे कळते ते तिथे. समुद्रातून बेंग्वेलाचा थंड प्रवाह जातो. त्याच्यामुळे पाऊस पडत नाही, पण धुके भरपूर येते आणि रात्री वाळवंटात आत शिरते. तिथले जीव या धुक्यावर जगतात. गावाबाहेरच्या वाळूत सकाळी अर्ध्या दिवसाची फेरी निघते, स्थानिक वाटाड्याबरोबर. ती चुकवू नका. आमचा वाटाड्या गाडीतून उतरला, दहा पावले चालला, वाळूवरच्या आडव्या तिरक्या रेघांकडे बोट दाखवले आणि म्हणाला, इथे बघा. आम्हाला वाळूच दिसत होती. त्याने गवताची काडी धरली तेव्हा कळले की वाळूतून दोन डोळे वर आलेले आहेत. वीतभर लांबीचा विषारी साप, सगळे अंग पुरून, डोळे डोक्याच्या अगदी वर असल्यामुळे फक्त तेवढेच बाहेर. तिथल्या टेकड्यांवर एक काळा भुंगेरा असतो. धुके आले की तो माथ्यावर जाऊन डोके खाली, पाठ वर करून उभा राहतो. पाठीवर थेंब जमतात, ओघळून तोंडात येतात. सहा पायांचा जीव पाणवठ्यावर जाऊ शकत नाही, म्हणून त्याने पाठीचाच पाणवठा केला. दुसऱ्या दिवशी वॉल्विस बेच्या खाडीत होडीची फेरी करा. फ्लेमिंगो, पेलिकन आणि सील बाबांना बसल्याजागी दिसतील. स्केलेटन कोस्टला वेगळे जाण्याची गरज उरत नाही.

राहिलेल्या गोष्टी भराभर सांगते. विमान आदिस अबाबा किंवा नैरोबीवरून असेल तर पीतज्वराच्या लसीचा प्रश्न येतो. दाखला लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतो, आणि साठीच्या पुढच्या माणसांना ही लस देताना डॉक्टर विचार करतात. बाबांसाठी दुबई आणि जोहान्सबर्गवरून जाणे मला बरे वाटते. मात्र सगळा प्रवास एकाच तिकिटावर घ्या. वेगळी तिकिटे काढलीत तर जोहान्सबर्गला सामान घ्यायला बाहेर यावे लागते आणि मग दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा लागतो. एटोशा मलेरियाच्या पट्ट्यात येते. कोरड्या दिवसांत धोका कमी असतो, तरी निघायच्या महिनाभर आधी डॉक्टरांशी बोला. लेकीचा जन्मदाखला आई-वडील दोघांच्या नावांसह इंग्रजीत हवा. आपल्याकडचे जुने दाखले नुसते हिंदीत असतात, नगर निगमातून नवा काढायला वेळ लागतो. नामिबियन डॉलर आणि दक्षिण आफ्रिकेचा रँड यांचा भाव एकास एक आहे आणि तिथे रँड चालतो. उरलेले पैसे परत आणायचे असतील तर रँडच ठेवा.

तुम्ही शाकाहारी आहात. तो देश मांसाहारी आहे, पण उपाशी कोणी राहत नाही. मुक्कामाला आधी लिहून कळवा. दुपारचे मात्र आपले आपण. भाजणी, मेतकूट, भाजलेले पोहे आणि छोटा विजेचा कुकर न्या. आपल्या गिझरची मोठी तीन पिनांची प्लग तिथल्या भिंतीत बसते, वेगळा अडॅप्टर लागत नाही. तांदूळ, बटाटे, फळे ओचिवारोंगो आणि त्सुमेबच्या दुकानांत मिळतात. पेढे, खवा असे दुधाचे पदार्थ मी सीमेपलीकडे नेत नाही.

आणि कपडे. तुम्ही निघाल तेव्हा ग्वाल्हेरात पंचेचाळीस अंश असतील. त्या उन्हात स्वेटर भरायला हात धजावत नाही. गेल्या खेपेला एका काकांनी नुसती विंडचीटर घेतली होती आणि ओकाउकेयोच्या बाकावर पहिल्या रात्री अर्ध्या तासात उठून गेले. जूनमध्ये तिथे हिवाळा आहे, सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो, आणि पहाटे तुमच्या जानेवारीएवढी थंडी असते. कानटोपी, मोजे, लोकरीचा स्वेटर आणि त्यावर जाड जाकीट, चौघांनाही.

पैशांचे गणित विमानभाडे आणि डॉलरच्या भावावर हलते, म्हणून आकडा देत नाही. पण क्रम सांगते. आधी ओकाउकेयोच्या दोन रात्री मिळतात का ते बघा, पाणवठ्याजवळच्या खोल्या फार आधी जातात. त्या मिळाल्या त्या तारखांभोवती हलाली आणि नामुतोनी लावा, मग विमान, मग गाडी. कंपनीला आगाऊ रक्कम दिली नसेल तर आज तिला उत्तर देणे लांबवा आणि ओकाउकेयोला आजच लिहा.